अर्ध्यावर थांबणारी टाकी

कुठल्याही गावात पाण्याची उंच टाकी दिसली की एक घटना मला आजही आठवते. बाकीचे लोक टाकीकडे बघतात, मी तिचे खांब बघत उभा राहतो. बायको म्हणते, नोकरी सुटली पण खोड काही सुटली नाही.

तेव्हा मी भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. राजूर आणि केदारखेड्याच्या मधल्या पट्ट्यातलं एक गाव आमच्या हद्दीत होतं. गावात सरकारी योजनेतून नवी टाकी झाली होती आणि ठरावीक मुदतीपर्यंत तिची देखभाल ठेकेदाराकडेच होती. खालच्या आळीला पाणी मिळायचं. वरच्या वस्तीला मात्र टाकी काठोकाठ भरल्याशिवाय पाणी चढत नव्हतं, आणि उन्हाळा लागल्यापासून ती कधी भरतच नव्हती. मोटार चालू असायची, तरी टाकी अर्ध्यावर येऊन थांबायची.

पाणी जातं कुठं, याचं उत्तर वस्तीने परस्पर शोधून काढलं. पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा माणूस खालच्या आळीचा होता. तोच गुपचूप आपल्या भावकीच्या मळ्यात पाणी वळवतो, असं पारावर ठरलं. एकदा तक्रारही आली होती. आमच्या बीट अंमलदाराने दोन्ही बाजूंना समज दिली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

मग एका सकाळी वस्तीवरच्या काही जणांनी त्याला टाकीच्या पायथ्याशी गाठलं. बोलाचालीवरून हातघाई झाली. व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी त्याच्याच हातातून हिसकावून कोणीतरी त्याच्या डोक्यात घातली. त्याला जालन्याला हलवलं. मारणारे फरारही झाले नाहीत, घरीच बसून होते. चोराला धडा शिकवला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

गुन्हा तर दिवसाउजेडी घडलेला होता, त्यात शोधायला काही नव्हतं. मला खटकत होतं ते पाणी. मी त्या भावकीचा मळा पायी फिरलो. तिथली मोसंबी करपून गेली होती, जमिनीला ओल नव्हती. पाणी चोरणारा आपला मळा असा करपू देत नाही.

खबर मिळाली ती वस्तीवरच्याच एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडून. तो ठाण्यात आला आणि बाकावर बसून राहिला. ठाणे अंमलदाराने काय काम आहे विचारलं तर म्हणाला, मोठ्या साहेबालाच सांगतो. मी त्याला आत बोलावलं.

"साहेब, मोटार चालू झाली की टाकीमागच्या नाल्याला पाणी येऊन राह्यलंय," तो म्हणाला. "माझी मेंढरं तिथंच पेत्यात. म्हून म्या गप बसलो. आता त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर मंग मला झोप लागणार न्हाई."

हे कधीपासून, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की चतुर्थीला सगळं गाव राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलं होतं, तेव्हापासून. त्या दुपारी ठेकेदाराच्या कंपनीचा इंजिनिअर करवत घेऊन टाकीवर चढला होता. आधी का नाही बोललास म्हटल्यावर म्हाताऱ्याने माझ्याकडेच नवलाने पाहिलं. कंपनीचा माणूस कंपनीच्या टाकीवर चढला, त्यात काय सांगायचं?

इंजिनिअर जालन्यात मस्तगड भागात खोली घेऊन राहत होता. वय तिशीच्या आत. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, बुटांवर मात्र सिमेंटचे वाळलेले शिंतोडे. ठाण्यात बोलावून खुर्चीवर बस म्हटलं तर आधी रुमालाने पँट झटकली, मग टेकला. मला वाटलं, ठेकेदाराने पढवून पाठवलेला असणार. तसाच तो बोलतही होता. देखभालीसाठी चढलो होतो, पाहणी केली, उतरलो. करवतीचं विचारल्यावर बुटावरचं सिमेंट नखाने खरवडू लागला.

मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणारा माणूस बहुधा तुमच्याकडे पुरावा काय आहे ते चाचपत असतो. हा दर थोड्या वेळाने एकच विचारत होता, पाणी सोडणाऱ्याची तब्येत कशी आहे? तेवढ्यात जालन्याहून आमच्या हवालदाराचा फोन आला. जखमी माणूस गेला होता. मी फोन ठेवला आणि इंजिनिअरला तसं सांगितलं.

त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.  मग म्हणाला, "पाईप मी कापला, साहेब. पण आधी ती टाकी रिकामी करायला सांगा. खाली अंगणवाडी आहे."

मी ताबडतोब बीट अंमलदाराला फोन लावला. टाकी रिकामी करायला आणि अंगणवाडीला कुलूप लावायला सांगितलं. मगच जबाब लिहायला घेतला.

टाकीच्या एका खांबात काँक्रीट नीट बसलं नव्हतं. काँक्रीट ओतायला लावलेल्या फळ्या काढल्या तेव्हा आत पोकळी होती, सळया उघड्या दिसत होत्या. त्याने ठेकेदाराला सांगितलं, खांब तोडून पुन्हा भरू. ठेकेदार म्हणाला, गिलावा मार. तो पाणीपुरवठा खात्याच्या साहेबाशी बोलायला गेला, तर साहेबांनी तुमच्या मालकाशी बोला म्हणून वाटेला लावलं. सरकारी माणसांच्या लेखी तो ठेकेदाराचा गडी होता, गावाच्या लेखी मोठा साहेब, आणि ठेकेदाराच्या लेखी फक्त सही करणारा हात. त्याच्या पदवीचं मूळ प्रमाणपत्र नोकरीला लागतानाच ठेकेदाराने कपाटात ठेवून घेतलं होतं. काम सोडायचं तरी कसं? त्याने उभं राहून गिलावा मारून घेतला आणि दर्जा तपासल्याची सही केली.

पुढे टाकी पाण्याने भरू लागली आणि त्याची झोप उडाली. टाकी अर्धी राहिली तर खांब तग धरेल, असा त्याने हिशेब केला. जादा पाणी बाहेर काढणारा पाईप टाकीच्या आत उभा असतो. तो त्याने अर्ध्यावर कापला. त्यावर चढणारं पाणी जमिनीखालच्या नळीतून थेट नाल्यात जाऊ लागलं.

"टाकी का भरत नाही, म्हणून ते पाणी सोडणारेच मला फोन करायचे," तो म्हणाला. "मी सांगायचो, मोटारीत दोष आहे, बघतो. त्यांना खरं वाटायचं. साईटवर असताना मी त्यांच्याच घरी जेवायचो, साहेब."

दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन आम्ही टाकीवर गेलो. इंजिनिअर सोबत होता. त्याने दाखवलेल्या जागी छिन्नी लावली. गिलाव्याचा पोपडा सुटला आणि आत हात जाईल एवढी पोकळी निघाली. कापलेला पाईपही वर मिळाला. एव्हाना खालची आळी आणि वरची वस्ती, दोन्हीकडचे लोक जमले होते. पंचनामा चालू असताना आरोपीला गर्दीशी बोलू द्यायचं नसतं. पण तो आपणहून पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की त्या माणसाने थेंबभरही पाणी चोरलं नव्हतं, टाकी मीच अर्धी ठेवली होती. मी त्याला अडवलं नाही.

 वस्तीवरचे लोक खाली बघत होते. मयताची बायको बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. ती शिवीगाळ करील म्हणून मी महिला शिपायाला खूण केली. ती फक्त त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्यायनं तुमाला रोज इचारलं व्हतं ना, दादा?" ती म्हणाली. "मंग त्यायलाच का न्हाई सांगितलं? ते कुणाला बोलले नसते."

 इंजिनिअर तिथेच खाली बसला. त्याला उठवून गाडीत बसवायला दोन शिपाई लागले.

पुढे टाकी पाडली आणि अंगणवाडी दुसरीकडे नेली. वस्तीवरचे मारणारे तुरुंगात गेले, त्यांच्या घरांवरही अवकळा आली. ठेकेदारालाही आम्ही आरोपी केलं. पण मला कोणी काही कळवलंच नाही, असं तो म्हणाला आणि कागदावर सही इंजिनिअरची होती. जामिनावर सुटल्यावर तो पोरगा मला कोर्टाच्या आवारात भेटायचा, नमस्कार करायचा. मीही थांबून त्याची चौकशी करायचो. गुन्हेगार मी पुष्कळ पाहिले, त्यांची कीव क्वचितच आली. याने अख्ख्या अंगणवाडीतली लेकरं वाचवली आणि एक चांगला माणूस घालवला, आणि दोन्ही एकाच पाईपने.

त्या प्रकरणानंतर माझी तपासाची पद्धत बदलली. पूर्वी मी समोरच्याला, तुम्ही काय पाहिलं, काय केलं, एवढंच विचारायचो. निवृत्त होईपर्यंत पुढे मी प्रत्येक जबाबात आणखी एक प्रश्न घातला, हे तुम्ही तेव्हा कोणाला सांगितलं होतं? बहुतेक माणसं म्हणत, कोणालाच नाही. त्या मयताची बायको तेव्हा पुन्हा माझ्यासमोर उभी राहायची.