राहून गेलेलं नाव

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा वीस-बावीस वर्षांची पोरं उभी राहिली आणि ‘गुड मॉर्निंग मॅम’ म्हणाली. मी मान हलवून त्यांना बसवलं आणि गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पाच मिनिटांनी खऱ्या मॅडम आल्या, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. तेव्हा कोणी उभं राहिलं नाही. एका सकाळी दोनदा कोण उठणार.

डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी अठरा वर्षं चौकशीच्या खिडकीत बसते आहे. ‘थेंब टाकल्यावर अर्धा तास डोळे मिटून बसा’ हे वाक्य मी झोपेतही बोलते, असं नवरा सांगतो. जनसंपर्क अधिकाऱ्याची जागा निघणार होती आणि तिला पदव्युत्तर पदवी हवी होती, म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी मी शनिवार-रविवारच्या वर्गात नाव घातलं. विषय, धोरणात्मक संवाद आणि जनसंपर्क.

नवरा म्हणाला, “घरातल्या माणसांशी महिनाभर बोलून नाही राहिली तू, अन् जनतेशी संपर्क करून राहिली.”

त्याचं खरं होतं. बाबांचा आजार आता बरा होणारा नाही, वयामुळे ऑपरेशनही नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझा घरातला आवाजही खिडकीतल्यासारखा झाला होता. ती बातमी मी नवऱ्याला दिली तीही थेंब टाकायला सांगावं तशीच. रडू आलं नाही. दाढ काढताना गाल बधिर होतो, आपणच तो चावतो आणि कळत नाही, तसं काहीसं चाललं होतं. सकाळी बाबांना पेज, मग खिडकी, संध्याकाळी बाबांची औषधं, शनिवारी वर्ग. वहीत मी लिहीत असे, ‘आपला श्रोता ओळखा’, आणि पुढच्या ओळीत दुधाचा हिशेब.

बाबा आमच्याकडेच राहायचे. त्यांचं मागणं एकच होतं. रामटेकला त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, राहते. तिला ते ‘बाई’ म्हणत. “बाई येऊन जाईन का एकखेप?” असं ते भिंतीकडे पाहून विचारायचे. बावीस वर्षांत आत्याने आमच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

कारण माझ्या लग्नाची पत्रिका. खाली ‘स्वागतोत्सुक’ म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं द्यायची होती. मी तेव्हा ताजी पदवीधर, घरात मजकूर लिहिणारी मी एकटीच. नावांची गर्दी दिसते म्हणून मी शेवटची काही नावं काढली आणि ‘व समस्त परिवार’ असं सुटसुटीत करून टाकलं. आत्या समस्त परिवारात गेली. सख्खी, थोरली, भावाला अंगाखांद्यावर वाढवलेली बाई. ती लग्नाला आली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने रागावून विचारलं तेव्हा बाबांनी तिला सांगितलं, ‘नाव मीच काढलं.’ मी हातावरच्या मेंदीला फुंकर घालत बसले होते, ऐकलं, आणि बोलले नाही.

दुसऱ्या सत्रात ‘संकटकाळातला संवाद’ आला. मॅडमनी गृहपाठ दिला, दुखावलेल्या पक्षाला संस्थेच्या वतीने माफीपत्र लिहा, स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण घेतलं तरी चालेल. मी आत्याला लिहिलं. सात मसुदे झाले. शेवटच्यात असं होतं, ‘आमच्या कुटुंबातील मंगल प्रसंगी आपले नाव अनवधानाने राहून गेले, याबद्दल कुटुंब दिलगीर आहे.’ मॅडमनी दहापैकी नऊ दिले आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘भाषा स्वच्छ. पण नाव राहून कसं गेलं? कोणी काढलं?’

ते पत्र मी रामटेकला पाठवलं नाही.

“सरळ फोन लाव ना,” नवरा म्हणाला.

“आधी माध्यम ठरवावं लागतं,” मी म्हणाले. हे मी खरंच म्हणाले. फोन लावला असता तर मॅडमचा प्रश्न आत्यानेही विचारला असता, एवढंच त्यामागचं धोरण होतं.

मग बाबा आठवडाभर दवाखान्यात होते. आता घरीच ठेवा, असं सांगून डॉक्टरांनी शनिवारी सकाळी सोडलं. बाबांना पलंगावर निजवून, नवऱ्याला त्यांच्याजवळ बसवून मी वर्गाला गेले, कारण माझी हजेरी कमी पडत होती. त्या दिवशीचा पाठ होता, संदेश लहान कसा करावा. महत्त्वाचं आधी. वाचणाऱ्याला माहीत असलेलं कापा. मधल्या सुट्टीत मी लगेच सराव केला. परिवाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे बाबांची चौकशी करत होते. मी आधी लिहिलं, ‘बाबा आता दवाखान्यात राहिले नाहीत.’ दवाखान्यात होते हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तो शब्द कापला. पाचनंतर त्यांना ग्लानी येते, हेही कापलं. पाठवला तो मजकूर असा:

‘बाबा आता राहिले नाहीत. सकाळी घरी आणलं आहे. येणाऱ्यांनी पाचच्या आत यावे.’

वाचून पाहिला. शुद्धलेखन बरोबर होतं. मग फोन बंद करून मॅडमच्या टेबलावरच्या डब्यात ठेवला, तसा नियमच होता.

दोन तासांनी फोन सुरू केला तर तो थरथरतच राहिला. शेवटी नवरा लागला. त्याचा आवाज अगदी शांत होता.

“तू काय लिहिलं ग्रुपवर?”

“काहून?”

“लोकं हार घेऊन येऊन राहिले. सावनेरवाले गाडी करून आले. बाबा विचारून राहिले, कोण गेलं म्हणून.”

मेट्रोत बसून मी तो संदेश परत वाचला. सीताबर्डीला उतरेपर्यंत चार वेळा वाचला. लाज वाटायला हवी होती. मी फक्त विचार करत होते की ‘दवाखान्यात’ ठेवायला हवा होता.

दारात काय झालं ते नवऱ्याने नंतर सांगितलं. तो बाबांना मऊ खिचडी भरवत होता. दार उघडंच होतं. आत्या दारात उभी राहिली, हातात शेवंतीचा हार, मागे तिचा मुलगा. ग्रुपवरचं त्यानेच तिला वाचून दाखवलं होतं. तिने पलंगाकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि मुलाला म्हणाली, “हा तं जेवून राहिला.”

बाबांनी घास गिळला. “तू कशी आली, बाई?”

“तुले पोचवाले आली होती.”

“मंग बस,” बाबा म्हणाले. “टाइम हाये अजून.”

मी पोचले तेव्हा बाकीचे चहा घेऊन गेले होते. चार-पाच हार फ्रिजवर ठेवले होते, फेकायचे की काय करायचं कोणाला सुचलं नव्हतं. आत्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसली होती. बाबांचे डोळे मिटलेले होते. मला पाहून ती म्हणाली, “ये वं, लिहिणारे. समस्त परिवार आला म्हणून सांग तुह्या बापाले.”

सातही मसुदे मला पाठ होते. त्यातलं एकही वाक्य आलं नाही.

“आत्या,” मी म्हणाले, “पत्रिकेतलं तुझं नाव मी काढलं होतं. बाबांनी नाही. मी.”

आवाज तोच, खिडकीतला. अर्धा तास डोळे मिटून बसा.

आत्याने पदराने चष्मा पुसला. “मले मालूम हाये. तुह्या बापाले दोन ओळी लिहिता येत नाहीत. तो काय नाव काढन?”

“मग बावीस वर्षं?”

“तुह्या तोंडून आईकाचं होतं.” तिने चष्मा लावला. “त्याच्या पाठीमागं लपून बसली होती नं तू. आता येवढी शिकून राहिली म्हणतात. हे शिकवलं का तिथं?”

“नाही,” मी म्हणाले. “तिथं नऊ मार्क मिळाले.”

हे तिला कळायचं कारण नव्हतं. पण पलंगावर बाबा हसले, डोळे न उघडता. म्हणजे ते जागे होते.

आत्या चार दिवस राहिली. अंबाडीची भाजी केली, बाबांनी दोन चमचे खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाले. लहानपणीची सायकल कोणी हरवली यावर दोघं दीड दिवस भांडले. मी कामाला जात होते, येत होते, दारातूनच त्यांचे आवाज ऐकत होते. सुखाचं वाटायला हवं होतं. ते मी लक्षात ठेवलं, नंतर वाटेल म्हणून.

तीन आठवड्यांनी एका दुपारी बाबा गेले. जेवण झालं होतं, पंखा चालू होता. मी त्यांच्या उशाशी बसून फोन उघडला आणि ग्रुपवर लिहिलं. या वेळी काही कापलं नाही. ‘माझे बाबा आज दुपारी अडीच वाजता घरीच वारले.’ खाली घरातल्या सगळ्यांची नावं लिहिली, एकेक, पूर्ण, आणि सगळ्यांत वर आत्याचं. ‘समस्त परिवार’ लिहिलं नाही. यादी लांब झाली, गर्दी दिसत होती.

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग सावनेरहून एकच ओळ आली, ‘नक्की का?’ मला त्यांचा राग नाही. माझ्या शब्दाची ग्रुपवर जी पत होती, तिला तो प्रश्न धरूनच होता.

मग आत्याचा फोन आला. तिने विचारलं नाही कसं झालं, कधी झालं.

“तू सांग वं,” ती म्हणाली. “लिहिलेलं नोको.”

मी तोंड उघडलं, आणि खिडकीतला आवाज आलाच नाही. दुसराही कोणता पटकन आला नाही. मागे तिच्याकडे कुणीतरी भांडी घासत होतं, ते ऐकू येत होतं.

“बाबा नाही राहिले, आत्या,” मी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “येऊन राहिली मी.”