दिरांना चढायला लावलेला डोंगर

आयुष्यात मी सूड एकाच माणसावर उगवला, माझ्या मोठ्या दिरांवर. तेव्हा मला जराही लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

मी बुऱ्हाणपूरला शाळेत भूगोल शिकवते. अल्टीमीटर माझा, वर्गात दाखवायला घेतलेला. हवेच्या दाबावरून उंची सांगणारी ती काट्याची तबकडी श्रावणातल्या त्या रविवारी मात्र दिरांच्या गळ्यात होती. असीरगढच्या पलीकडच्या डोंगरावर महादेवाला आम्ही तिघं निघालो होतो, ते, माझे यजमान आणि मी. निघताना दिरांनी काटा रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरून लावला. समुद्रसपाटीपासूनची उंची तिथे लिहिलेली असते, आणि आमच्या घरात त्या पाटीपुढे अपील नाही.

वर देवळाजवळ जंगल खात्याच्या पाटीवरही उंची होती. आमचा काटा तिच्यापेक्षा शंभर फूट जास्त दाखवत होता. आभाळ भरून आलं होतं. हवेचा दाब उतरला की हे यंत्र जागच्या जागी उंची वाढवून दाखवतं, म्हणून खात्रीची उंची कळली की काटा पुन्हा लावून घ्यायचा असतो. मी तसं सांगितलं.

"मॅडम, इथं क्लास नका घेऊ," दीर म्हणाले. "स्टेशनचा आकडा आहे, गलत कसा राहीन? ह्या जंगलवाल्यांनी अंदाजे लिहून टाकलं असन." यजमान हसले. भावापुढे ते नेहमीच हसतात.

उतरताना ढगात हातभरावरचं दिसेना. गावाकडची पायवाट कुठल्या उंचीवर फुटते ते नकाशावरून ठाऊक होतं. काटा त्या आकड्यावर येईपर्यंत दीर उतरत राहिले. वळण शंभर फूट वरच राहून गेलं आणि आम्ही ओल्या घळीत शिरलो. तिथे यजमानांचा पाय घसरला आणि घोटा मोडला. मोबाईलला रेंज नव्हती. ते भिजून कुडकुडत होते, ओठ निळे पडले होते. वाट लवकर सापडली नाही तर हे हातचे जातील, अशी भीती वाटली, आणि डोकं संतापाने फुटायला आलं.

मी दिरांच्या गळ्यातलं यंत्र काढून घेतलं. "आता परत वर. वळणाच्या आकड्यापेक्षा शंभर जास्त दिसेपर्यंत. यांना तुम्ही पाठीवर घ्या."

"माझ्याच्यानं नाही होणार. तुम्ही जाऊन माणसं घेऊन या."

"या ढगात परत सापडाल का? उचला, भाऊजी."

त्यांनी दोनदा टेकायला बघितलं. दोन्ही वेळा मी "अजून खाली आहोत" म्हटलं आणि चालत राहिले. मागून येणाऱ्या प्रत्येक धापेला माझ्या जिवाला थंडावा वाटत होता. वळण मी म्हटलं तिथेच सापडलं, आणि अंधार पडायच्या आत आम्ही गावात पोचलो.

हाड जुळलं. आता पाहुणे आले की यजमान डोळ्यांत पाणी आणून सांगतात, मोठा भाऊ त्यांना पाठीवर घेऊन डोंगर कसा चढला. दीर मान खाली घालून "फर्ज होता माझा" म्हणतात. परवा त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी याच गोष्टीसाठी त्यांना शाल पांघरली. वाट कुणी दाखवली, हे कुणी विचारलं नाही. शालीचं तबक धरून मीच उभी होते.