गुनवोरची लाल फुली

गुनवोर सांडेलला आमच्या गावात कुणी हौसेनं घरी बोलवत नसे. बोलावलं तर ती यायची, केक खायची, आणि पाण्याचा पेला हातात मिळाला की थेट खिडकीपाशी जायची. पेला उजेडात धरून फिरवायची आणि म्हणायची, "हा माझ्या हातून सुटलाच कसा?" पुढे तो पेला टेबलावर ठेवायला त्या घराला लाज वाटायची. पेला आमच्याच कारखान्याचा असायचा, कारण स्मोलांडच्या त्या जंगलात दुसरं काही बनतच नव्हतं.

ती काच कारखान्यात तपासनीस होती, एकतीस वर्षं. भट्टीवर फुंकलेली काच लांबलचक बोगद्यातून हळूहळू गार होत यायची, आणि बोगद्याच्या तोंडाशी उत्तरेच्या खिडकीखाली गुनवोर बसलेली असायची. बोटात अंगठी नाही, मनगटावर घड्याळ नाही, उगाच ओरखडा नको म्हणून. प्रत्येक नग ती उचलायची, उजेडात फिरवायची, नखानं टिचकी मारायची. चांगला असला तर डावीकडच्या फळीवर जाई. वाईट असला तर लाल मेणाच्या खडूनं त्याच्यावर फुली, आणि मग तो लोखंडी टबात फोडायचा. लाल फुलीशिवाय एकही नग टबात जायचा नाही आणि त्या फुलीवर कुणी ब्र काढायचा नाही, मालकानंसुद्धा नाही, हा नियम कारखान्याइतकाच जुना होता.

फुंकणाऱ्यांना पैसे मिळायचे ते पास झालेल्या नगांचे. त्यामुळे गुनवोरवर गावाचं प्रेम किती असेल ते सांगायला नको. तिच्या सख्ख्या भावाला निवृत्तीच्या दिवशी स्वतःच्या हातची फुलदाणी घरी न्यायची होती. हिनं तिच्यावर फुली मारली. भाऊ चार वर्षं बोलला नाही.

मी, मायलिस, तिच्या हाताखाली दहा वर्षं होते. माझा नवरा एव्हर्ट भट्टीवरचा उस्ताद. दिवसा मी बाईशेजारी बसून त्याच्या काचेतली खोट बघायची आणि संध्याकाळी त्याच्यासमोर बटाटे वाढायचे. "आज किती मारल्या तुझ्या चेटकिणीनं?" हे आमच्या जेवणाआधीचं वाक्य. एकदा रागाच्या भरात एव्हर्टनं फुली पडलेली तपकिरी वाटी उचलून टबात आपटली, पण टब होता पांढऱ्या काचेचा. फुटकी पांढरी काच पुन्हा मुशीत जाते, वितळते, नवी होते. तिच्यात रंगीत कपची गेली की संपलं. सोमवारी अख्ख्या मुशीतली काच चहाच्या रंगाची निघाली. आठवडाभराचं काम फुकट गेलं आणि एव्हर्ट महिनाभर माझ्याशीसुद्धा दबून बोलत होता.

तर पांढरी फोडली तर वाया जात नाही. रंगीत मात्र फोडली की कारखान्यामागच्या खड्ड्यातच जाते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

त्या तपकिरी वाट्या सिग्ब्रित हॉलमनच्या. सिग्ब्रित स्टॉकहोमची, वस्तूंचे आकार काढणारी, पायात लाकडी सपाता, काखेत कागदाची गुंडाळी. पहिल्याच दिवशी ती गुनवोरच्या टेबलापाशी आली आणि फुली पडलेला एक पेला उचलून म्हणाली, "यावर फुली का? बुडबुडा म्हणजे तर काचेचा श्वास! मला आवडतो."

"तुझ्या कागदावर काढला होतास?" गुनवोरनं विचारलं.

"नाही, पण..."

"मग तो तुझा नाही. आपोआप आलाय. तुला हवा असेल तर कागदावर काढ, एव्हर्टला करायला सांग, मग मी बघीन जागेवर आहे की नाही. चूक झाल्यावर तिला श्वास म्हणायचं, हे मला नाही चालायचं."

आम्हाला वाटलं पोरगी रडत स्टॉकहोमला जाणार. ती गेली नाही. तीन आठवडे एव्हर्टच्या शेजारी भट्टीवर उभी राहिली आणि जाड बुडाची तपकिरी वाटी घेऊन आली. बुडात बरोब्बर मधोमध एकच बुडबुडा. ओल्या खिळ्यानं गरम काचेला टोचायचं, वर दुसरा थर घ्यायचा, की वाफेचा बुडबुडा आत अडकतो. मधोमध आला तर पास, गव्हाच्या दाण्याइतका सरकला तरी फुली. पहिल्या शंभरातल्या साठांवर फुल्या पडल्या. एव्हर्टनं शिव्या घातल्या, पण खिळा टोचायचं त्याच्या बोटात बसलं. आयुष्यात त्यानं इतकं चांगलं काम केलं नव्हतं, आणि हे त्यालाही कळत होतं.

सात वर्षं त्या वाट्या हातोहात खपल्या. मग लोकांना तपकिरी रंगाचा कंटाळा आला. अठ्ठ्याहत्तर साली कारखाना एका बड्या कंपनीनं घेतला आणि स्टाफान एकेलुंड नावाचा नवा डायरेक्टर आला. आल्या आल्या म्हणाला, "मला स्टाफान म्हणा. तू म्हणा. आपण सगळे सारखे." सगळे त्याला तू म्हणायला लागले. गुनवोर मात्र "डायरेक्टरसाहेब, तुम्ही" म्हणायची. त्या "तुम्ही"त तिनं जे काही भरलं होतं ते शिवीत मावलं नसतं.

फेब्रुवारीत तो वाट्यांच्या पेट्या घेऊन तपासणीच्या खोलीत आला. चारशे बारा वाट्या, खप थांबल्यावर न तपासताच गोदामात पडून राहिलेल्या.

"गुनवोर, यांच्यावर फुली मार. फोडायच्यात."

"खोट कुठाय?"

"खोट नाही गं. खपत नाहीत. स्वस्तात काढल्या तर आपलं नाव खाली येतं, आणि आपल्याला आता नवी पांढरी मालिका आणायचीय. वरच्या ऑफिसला एक कागद द्यायचाय, सदोष माल म्हणून. खाली तपासनिसाची सही लागते."

"खपत नाही ही काचेची खोट नाही," गुनवोर म्हणाली. "खपवणाऱ्याची असेल. त्याच्यावर मारू फुली?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक मीच. स्टाफान मात्र हसला नाही.

"हे बघ, तुझी दोन वर्षं राहिलीत पेन्शनला. एका खडूच्या रेघेचा प्रश्न आहे. एकतीस वर्षं तू हजारो नग फोडलेस, तेव्हा नाही हात थरथरला."

"नाही थरथरला, कारण ते वाईट होते. या खोलीत मी एकच काम केलं, डायरेक्टरसाहेब. वाईटाला वाईट म्हटलं. त्यासाठी लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवली, भाऊ तुटला, चालवून घेतलं. आज चांगल्याला वाईट म्हटलं, तर मागच्या सगळ्या फुल्या खोट्या ठरतात. मग एव्हर्टनं मला एकतीस वर्षं चेटकीण म्हटलं ते बरोबरच होतं की."

स्टाफाननं खांदे उडवले. "उद्यापासून तू पॅकिंगला," असं म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "मायलिस, आता तपासनीस तू. पगार वाढेल. उद्या सकाळी फुल्या मारून टाक."

त्या संध्याकाळी आमच्या घरात बटाटे तसेच राहिले. घर कारखान्याचं होतं. मी नाही म्हटलं तर खोली कुठे शोधायची, पोरींची शाळा, सगळं डोक्यात फिरत होतं. एव्हर्टला म्हटलं, "वाट्या तुझ्या आहेत. तू सांग."

त्यानं काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "तिनं माझ्या साठ वाट्या फोडल्या तेव्हा मला तिचा गळा दाबावासा वाटला. पण त्यामुळे एखादी पास झाली ना, तेव्हा मला माहीत होतं की ती खरंच चांगली आहे. आता ती वाईट म्हणून जाणार असेल, तर मी इतकी वर्षं काय फुंकत होतो?" आणि थोड्या वेळानं, "घराचं बघू. माझ्या बहिणीकडे माळा आहे."

"तुझ्या बहिणीकडे?" मी म्हटलं. "त्यापेक्षा मी जंगलात राहीन." दोघंही हसलो.

सकाळी मी उत्तरेच्या खिडकीखाली बसले. अंगठी काढून ठेवली. स्टाफान समोर उभा होता, कागद हातात. पॅकिंगच्या टेबलावर गुनवोर गवतात पेले गुंडाळत होती, आमच्याकडे पाठ करून. मी पहिली वाटी घेतली, उजेडात फिरवली, टिचकी मारली.

"पास."

"मायलिस, काय करतेस?"

"तपासतेय. फुली मारायची तर बघायला नको का?" दुसरी घेतली. "पास." तिसरी. "पास."

भट्टीवरची माणसं एकेक करून दारात जमा झाली. एव्हर्ट हातात रिकामी फुंकणी घेऊन पुढे उभा. माझा आवाज सुरुवातीला कापत होता, विसाव्या वाटीपर्यंत चांगला खणखणीत झाला. राग आला होता मला, आणि बरं वाटत होतं.

सव्विसावी. "पास."

"थांब," गुनवोर म्हणाली.

ती हात पुसत आली, वाटी घेतली, खिडकीकडे धरली. बुडबुडा केसभर डावीकडे होता. मला दिसला नव्हता, किंवा मी बघितलाच नव्हता. स्टाफानच्या चेहऱ्यावर जरा आशा दिसली.

"आज बाजू घ्यायची नाही," ती मला हळूच म्हणाली. "आज तर मुळीच नाही."

मी फुली मारली. एव्हर्ट पुढे झाला, स्वतःची वाटी स्वतःच उचलली, यावेळी टब नीट बघून घेतला, आणि फोडली. "पुढची घे," तो म्हणाला.

दुपारपर्यंत चारशे बारा झाल्या. नऊ फुल्या. मी स्टाफानच्या हातातून कागद घेतला, लिहिलं: सदोष, नऊ नग. सही केली. गुनवोरनं माझ्याकडून पेन घेतलं आणि खाली तिच्या टोकदार अक्षरात लिहिलं: बाकी चारशे तीन नग निर्दोष, डायरेक्टरच्या हुकुमावरून फोडले. पुढे सहीसाठी एक ओळ आखली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"फोडा ना," ती म्हणाली. "टब तिथे आहे. फक्त इथे सही करा."

त्यानं कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि टेबलावर ठेवून गेला. गुनवोर दोन वर्षं पॅकिंगलाच राहिली आणि तिथूनच निवृत्त झाली. स्टाफान तिच्याआधी गेला. आम्हाला घरातून कुणी काढलं नाही. चारशे तीन वाट्या गोदामातच आहेत आणि तो कागद माझ्या खणात. सहीची जागा कोरी आहे.