राईत ठेवलेला झेंडा

मंचरच्या बाजूला नेमणूक असतानाचा एक स्वातंत्र्यदिन अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळी गावोगावच्या पोरांनी मोटारसायकलींची फेरी काढली, डीजे दणाणला. दुपारी तीच पोरं माझ्या पोलीस ठाण्यात हजर. गाडीला बांधलेला तिरंगा कुणीतरी पळवला, गुन्हा नोंदवा म्हणून.

खबर वडापच्या, म्हणजे गावोगाव प्रवासी नेणाऱ्या, जीपवाल्यानं दिली. "सायेब, बाजारातला तो डोंगराकडचा हमाल. शर्टाच्या आत झेंडा दडवून माझ्याच गाडीत बसला व्हता."

हमालाला आणलं. घरी भातशेती, एरवी मंचरला गोणी उचलायच्या.

"झेंडा कुठाय?"

"आमच्या देवीच्या राईत ठेवलाय."

"का?"

दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिलं, तोंड उघडेना. बाहेर घोषणा सुरू. खरं सांगतो, मलाही संताप आला होता. मी तालुक्याच्या पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यातला, दर चतुर्थीला ओझरच्या गणपतीला जाणारा. आमच्याकडे देव असो की देश, भक्ती चारचौघांत दिसावी लागते. दडवतो तो चोर, असंच मी धरून चाललो होतो.

जप्तीला निघताना तक्रारदारालाही जीपमध्ये घेतलं. निरगुडसरकडचा तापट पोरगा. राई म्हणजे देवीसाठी राखलेलं रान. तिथली काटकीसुद्धा कुणी मोडत नाही. आम्ही चपला, बूट बाहेर काढले. शेंदूर लावलेल्या दगडाशेजारी, पानांनी झाकून, झेंडा घडी घालून ठेवलेला. उलगडला तर मधोमध गाडीच्या चाकाचा चिखलाचा ठसा.

तो पाहिल्यावर हमाल बोलला. "आमच्यात देव भंगला तर फेकीत न्हाई, सायेब. हितं आणून ठेवतो."

"मग ठाण्यात का बोलला नाहीस?"

"झेंडा यांच्याच गाडीवरनं पडला. मागची गाडी वरनं गेली. डीजेच्या नादात कुणाला कळलं न्हाई. मी सांगितलं असतं तर ही पोरं आत गेली असती."

पोरगा पांढराफटक पडला. तक्रार त्यानं मागे घेतली. झेंडा चुकून पडल्याची नोंद करून मी प्रकरण मिटवलं. परतताना त्यानं हमालाला जीपमध्ये पुढं बसवलं.

एकाच तालुक्यात भक्ती मिरवणारेही असतात आणि झाकून ठेवणारेही. झाकणाऱ्यावर संशय घेणं सोपं जातं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षीही फेरी निघाली, डीजे तसाच वाजला. तो पोरगा मात्र गाडीवर नव्हता. फेरीच्या मागून, रस्त्यावर नजर ठेवून, पायी चालत होता.