न कापलेली प्रत

फोन आला तेव्हा मी छपाईच्या जाळीतून एका लग्नपत्रिकेवर सोनेरी रंग ओढत होते. नंदाचा भाऊ बोलत होता. "शुभाताई, नंदी गेली." एवढंच. मी "बरं" म्हणाले. खरंच, "बरं" म्हणाले... आणि फोन ठेवून पुन्हा रंग ओढायला लागले. बाबांनी येऊन हात धरला तेव्हा कळलं, की मी एकाच पत्रिकेवर पुन्हा पुन्हा रंग चढवत होते आणि नवऱ्यामुलाचं नाव त्याखाली पार बुडून गेलं होतं. मग आम्ही तसेच तिच्या गावी, कुरुंदवाडला निघालो. छपाईची जाळी धुवायची राहिली, रंग तिच्यात वाळून बसला. असा वाळलेला रंग पुढे कशानंही निघत नाही. दुकानात जागा नाही, बाबा रोज म्हणतात, तरी ती जाळी मी टाकलेली नाही.

लेखक गेला की पेपरात त्याच्यावर रकाने भरून येतात. वाचक गेला तर कोण लिहितं? नंदा एका शाळेत गणित शिकवायची. तिनं आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, एक रेघ काढली नाही. पण मी गेली दहा-पंधरा वर्षं ज्या चित्रकथा काढत आले, त्या तिनं वाचायच्या म्हणून काढत आले, हे मला ती गेल्यावर कळलं. तिच्याइतकं लक्ष देऊन माझं काही कुणी पाहिलं नाही, आणि आता कुणी पाहणारही नाही. म्हणून हे मीच लिहिते आहे.

शिवाजी पेठेत आमचं पत्रिका छापायचं दुकान आहे. नव्वदच्या दशकात मी नुकती चित्रकलेचं शिक्षण संपवून बाबांच्या हाताखाली लागले होते. लग्नसराई ओसरली की दुकान मोकळं असायचं आणि मग मी माझं छापायची. राजे-राक्षस नव्हेत, फुटबॉलची मॅच हरल्यावर गप्प बसलेली तालमीतली पोरं, नळावरची भांडणं, सासरहून बॅग घेऊन परत आलेली मैत्रीण, असलं. चित्रं मीच काढायची, अक्षरं मीच लिहायची, छापायची आणि ओळखीपाळखीत वाटायचीही मीच. पेठेत त्याला सगळे 'शुभीचं चोपडं' म्हणायचे. चुकलेल्या पत्रिकांचे जाड कागद कव्हराला वापरायचे, त्यामुळे प्रत्येक चोपड्याच्या आतल्या बाजूला कुणाचं तरी लग्न असायचं. एकदा गल्लीतल्या एक काकू चोपडं हातात घेऊन तणतणत आल्या. "लगीन हाय ते कळलं, पण जेवण कुठल्या हॉलात ते छापायचं इसरलाय की गं!"

आमच्याकडे कटिंग मशीन नव्हतं. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, तीनदा दुमडायचा आणि पाठीला सुईदोऱ्यानं शिवायचा. वरच्या कडेला पानं एकमेकांना जोडलेलीच राहायची. वाचणाऱ्यानं एकेक घडी पट्टीनं कापायची आणि आतलं बघायचं. सगळे वैतागायचे. अर्धवट माल देतेस म्हणून बाबाही कुरकुरायचे. अशात भावाच्या लग्नाची पत्रिका छापायला नंदा आली. उंच, दणकट बांध्याची, जाड काचांचा चष्मा, आणि आवाज असा की समोरच्या पानपट्टीवाल्यानं वळून बघावं. वर बुद्धाचं चित्र, खाली 'मंगल परिणय', अक्षर न् अक्षर तिनं उभं राहून तपासलं. मग काउंटरवरचं चोपडं उचललं, उलटसुलट करून पाहिलं, पर्समधून स्टीलची फूटपट्टी काढली आणि टर्रकन पहिली घडी कापली.

"हे असंच असतंय व्हय? आधी कापायचं, मग बघायचं? भारी हाय की!"

तिथंच स्टुलावर बसून ती वाचायला लागली. एक घडी कापायची, आतली पानं वाचायची, परत मागे जाऊन बघायची, मग पुढची. शेवटच्या घडीशी आल्यावर तिनं पट्टी पर्समध्ये टाकली. "ही उद्या."

"अगं, दोनच पानं राहिलीत."

"म्हणूनच. आज सगळं सपवलं तर उद्या काय वाचू?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती खास शेवटाबद्दल भांडायला आली. तिथून आमची मैत्री. दर नव्या चोपड्याला तिचा तोच नेम राहिला, शेवटची घडी दुसऱ्या दिवशी. पानं वरून जोडलेली असली तरी खालून उघडी असायची. कागद जरा फुगवला की आतलं चित्र दिसायचं. मी एकदा तिला ते हौसेनं दाखवलं तर ती माझ्यावर खेकसली, "असलं डोकावून बघायचं न्हाय. पोरं मागचं उत्तर बघून गणित सोडवत्यात, तसलंच झालं हे."

रविवारी कुरुंदवाडला गेली नाही तर ती दुकानात यायची. वर दोऱ्यांवर पत्रिका वाळत टाकलेल्या, खाली आम्ही दोघी चिरमुरे खात बसलेल्या. तोवर माझी चार गावच्या माझ्यासारख्याच खुळ्यांशी ओळख झाली होती. कुणी पुण्यात झेरॉक्स काढून चित्रकथा करायचा, कुणी बंगळूरला. टपालानं आम्ही एकमेकांना पाठवायचो. केरळातून एक आली, तिची लिपीसुद्धा आम्हाला वाचता येईना. नंदानं ती मांडीवर घेतली आणि तासाभरानं मला म्हातारा, त्याची होडी आणि परगावी गेलेला मुलगा अशी सगळी गोष्ट सांगितली. "तुला कसं कळलं गं?" म्हटलं तर म्हणाली, "म्हातारा दर पानाला बारीक होत चाललाय. होडी तेवढीच हाय. दिसत न्हाय व्हय तुला?" चित्रकला मी शिकले होते, पण बघायला तिच्या शेजारी बसल्यावर लागले. एकदा माझ्याच एका पानावर दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "हितं बाई दारात हाय आणि हितं एकदम रस्त्यावर. मधी ती रडली असणार. तू काढली न्हाईस, ते बरं केलंस. ही पांढरी जागा तुझी न्हवंच, ती माझी हाय." त्यानंतर दोन चौकटींमधली जागा सोडताना माझ्या मनात कायम तिचं ते बोट असायचं.

तिची तक्रार एकच होती, आणि ती तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. "तुझ्या सगळ्या बायका एकाच साच्यातल्या कशा गं? नाजूक, लांब वेणीच्या. माझ्यासारखी कुठं हाय? आम्ही काय पेठेत येत न्हाय का बाजारात जात न्हाय?" ती हसत म्हणायची, पण त्यात हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं, ते मला कळायचं. मी प्रयत्न केले. कितीतरी केले. पण ती एका जागी बसायची नाही, आणि तिच्या चेहऱ्याची खरी गंमत तिच्या हसण्यात होती. आधी डोळे बारीक व्हायचे, मग एक गाल वर जायचा आणि मग तो दणदणीत आवाज. कागदावर ते काही उतरायचं नाही. दर वेळी कुणी दुसरीच बाई व्हायची आणि मी कागद फाडायची.

पुढे दुकानात कॉम्प्युटर आला, दोन हजारनंतर कटिंग मशीनही आलं. चोपडी चारी बाजूंनी गुळगुळीत कापून निघायला लागली. पण एक प्रत मी मशीनखाली घालायची नाही, ती नंदाची. मशीनवरचा माणूस हसायचा. हसू दे.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. आधी शाळा, मग बोलता बोलता येणारं ते हसणं, एकेक करून सुटत गेलं. तिची आई, अव्वा, कुरुंदवाडहून येऊन दवाखान्यात तिच्या पायथ्याशी बसून असायची. त्याच दिवसांत एकदा दवाखान्यातून घरी येऊन मी सहज पेन्सिल हातात घेतली आणि नंदा उतरली. आधी डोळे, मग गाल. एका रेषेत. माझाच विश्वास बसेना. मी त्या एका चित्रासाठी सगळं चोपडं रचलं आणि ती अगदी शेवटच्या घडीत ठेवली, बाजारात पिशवी घेऊन उभी, मोठ्यांदा हसणारी. तिला सांगितलं नाही. तिचा चेहरा बघायचा होता मला.

दवाखान्यात तिनं पट्टी मागितली. हातात जोर नव्हता, घडी कापायला वेळ लागायचा, पण मला हात लावू दिला नाही. एकेक घडी कापत, वाचत, मागे जात शेवटाशी आली आणि थांबली. पट्टी चोपड्यासोबत उशाशी ठेवून दिली.

"ही उद्या वाचतो गं," आमच्या भागातल्या बायका बोलतात तशी ती म्हणाली.

माझ्या ओठांवर आलं होतं, आज काप ना, आत्ताच काप. पण 'आज काप' म्हणणं म्हणजे तिला उद्या नाही, असं तिच्या तोंडावर सांगणं. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, मी काय म्हणते त्याकडेच तिचं लक्ष होतं. मी म्हटलं, "व्हय, उद्या वाच." ती समाधानानं डोळे मिटून पडली... दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला.

कितीतरी दिवस माझं हेच चाललं होतं. एवढी वर्षं तिनं मागितलं, मी शेवटी काढलं, तिच्या हातात दिलं, आणि एका कागदाच्या घडीनं ते तिला दिसलं नाही. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. नव्या चौकटी आखायला बसले की मधल्या कोऱ्या पट्टीपाशी हात थांबतो. ती जागा आता मी कुणासाठी सोडू?

गेल्या आठवड्यात कुरुंदवाडला गेले. अव्वानं बुद्धाच्या मूर्तीजवळून ते चोपडं आणि पट्टी आणून माझ्यापुढे ठेवली. अव्वाला अक्षर येत नाही. नंदा तिला चोपडी दाखवून गोष्ट सांगायची. मी पट्टी उचलली तर तिनं माझं मनगट धरलं.

"कापू नगंस, बाई. तिनं ठेवलंय ते. ... काय हाय गं आत?"

"नंदा हाय, अव्वा."

ती उठली. चोपडं घेऊन दारातल्या उजेडात गेली, बोटांनी खालून कागद फुगवला आणि एक डोळा मिटून आत बघितलं. मला नंदाचं खेकसणं आठवलं, आणि मी मनात म्हटलं, नंदे, त्या संध्याकाळी मी निघून गेल्यावर, आयुष्यात एकदाच, तूही डोकावली असशील ना गं?

अव्वानं कागद आणखी जरा फुगवला. मग चोपडं डोळ्यापासून न काढताच म्हणाली,

"हसतीया की गं!"