नुसती पानं तर होती

सोफ्यांच्या कारखान्यात तिला सगळे गादीताई म्हणत. काम कव्हरं शिवण्याचं, आणि अंगही अगदी कामाला शोभेल असं. "मलाच ठेवा की दुकानात, गिऱ्हाइकाला मऊपणा पटेल तरी," असं कुणी चिडवायच्या आत तीच म्हणून टाकायची.

मग धाकट्या भावाच्या किडन्या गेल्या. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळेना. बहिणीचं सगळं जुळलं. अडलं ते काट्यावर.

"एवढ्या वजनावर तुमचं ऑपरेशन मी करणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतरवा, मग तारीख देते."

"बघ," भाऊ म्हणाला, "तुझं खाणं शेवटी माझ्या जिवावर उठलं."

"गप रे. किडनी देतेय, कान नाही देत."

कारखाना सुटला की ती जिममध्ये चालण्याच्या पट्ट्यावर चढायची. गुडघे बोंबलायचे. वजन उतरत होतं, पण मुंगीच्या पावलानं. आणि भाऊ दर डायलिसिसनंतर आणखी थोडा विझून घरी यायचा.

जिमच्या ट्रेनरनं तिच्यापुढे हिरव्या कॅप्सूलची बरणी धरली. "चहाच्या पानांचा अर्क, काकू. व्यायामाआधी, उपाशीपोटी. तेवढ्याच चालण्यात दुप्पट चरबी जळते."

"औषध असेल तर बाईंना विचारावं लागेल हं."

"औषध कसलं? झाडाचं आहे. पानांनी कुणाचं वाईट झालंय?"

तिला पटलं. इतकं पटलं, की लवकर व्हावं म्हणून एकाच्या जागी ती तीन-तीन घेऊ लागली.

अखेर काटा हवा तिथं आला. शेवटच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला भाऊही आला.

"ताई, डोळे पिवळे का गं तुझे?"

"झोप नाही रे धड. चल आत."

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "लिव्हर बिघडलंय तुमचं. काय घेताय?"

"काही नाही."

"आठवा. गोळी, काढा, पावडर?"

"शपथ, बाई. एक गोळी नाही."

भाऊ हळूच म्हणाला, "अगं, ते हिरवं?"

"ते काय औषध आहे? पानं आहेत ती!"

बाईंनी चष्मा काढला. "आजपासून बंद. लिव्हर बहुतेक सुधारेल. पण किडनी आता घेता येणार नाही. काही महिने थांबायचं, मग पुन्हा सगळं तपासायचं. तेव्हाही हो म्हणेन, असं नाही." बोलताना त्यांनी भावाकडे पाहिलं नाही.

"पण वजन तर उतरलं ना त्यानं?"

"वजन तुम्ही चालून उतरवलंत. व्यायामात यानं चरबी जळलीच तर चिमूटभर जास्त. कुणाची तेवढीही नाही."

बाहेर ती भिंतीला टेकली. "नुसती चालत राहिले असते तर..."

"ताई."

"जरा उशीर झाला असता, एवढंच. पण—"

"ताई, पुरे. माझी मशीनची वेळ झाली."

तिनं त्याला डायलिसिसच्या खोलीत नेलं. तिथं आधी वजन करतात.

"काट्यावर या," नर्स म्हणाली.

सवयीनं तिनं चपला काढल्या.

"तुम्ही नाही हो," नर्स म्हणाली, "पेशंट."