पाटी लागल्यानंतरच्या सुभद्राबाई

सुभद्राबाई एकट्याने कधी चहा पीत नसत. आधण ठेवलं की दारात येऊन अशी हाक घालत, की गल्लीत झोपलेली कुत्रीसुद्धा उठून बसावीत. "गिरजे, ये वं, चहा होऊन राहिला!" समोरची गिरजा येई, तिच्यामागे आणखी दोघीतिघी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही त्याच घोळक्यात जागा मिळाली, ओट्यावर, मांडीला मांडी लावून.

कळमन्याच्या पलीकडची ही कचरा वेचणाऱ्यांची वस्ती. कुठे चोरी झाली की संशय आधी या बायांवर. कोणाला चौकीत नेलं की सुभद्राबाई हातातलं काम टाकून चारजणींना घेऊन निघत आणि ती सुटेपर्यंत तिथून हलत नसत. "आपलं माणूस आत, अन् आपण घरी भाकर खावाची काय?" हा त्यांचा कायदा. आमचा ट्रस्ट अशा लहान संघटनांना छोटी अनुदानं देतो. त्यांनाही वर्षभरासाठी दिलं. त्यातून एक वकीलबाई ठरल्या, जाण्यायेण्याची सोय झाली, आणि आमच्या अटीप्रमाणे सुभद्राबाईंच्या दारावर संघटनेची पाटी लागली.

पाटी लागली आणि ओटा ओस पडला. बाया अडचण घेऊन येत, पण चपला बाहेर काढून, उभ्याउभ्याच बोलत. कालची सुभद्रा 'मॅडम' झाली. गिरजा तर नळावर सगळ्यांना ऐकवी, "तिचं काय बाप्पा, तिले तं वरून पैसा येते!" चहाची हाक आली की ती आतूनच "काम आहे" म्हणे.

वर्ष सरत आलं तेव्हा पुढच्या अनुदानाचं बोलायला मी गेले. एरवी माझं वाक्य कधी पुरं होऊ न देणारी ही बाई, पण त्या दिवशी त्यांनी सगळं निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाई पाह्यजे, ताई. पैसा आला अन् माणसं गेली. दिवसभर मी ह्या भिंतीशी बोलून राहिली." मला वाईट वाटलं, आणि रागही आला. चार तोंडाळ बायांपायी इतकं चांगलं काम मोडायचं? पण त्यांचा चेहरा पाहून मी कागद पिशवीत घातले.

त्याच आठवड्यात गिरजाला चौकीत नेलं. एका बंगल्यातून दागिना गेला होता आणि सकाळी त्या बाजूला हीच दिसली होती. सुभद्राबाई वकीलबाईंना घेऊन धावल्या. संध्याकाळी गिरजा सुटली. डोक्यावर पदर ओढून, सुभद्राबाईंकडे न बघता, ती सरळ ऑटोत बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंचा फोन आला. "ताई, तो पैसा द्या आम्हाले."

"गिरजा बोलली वाटतं?" मी विचारलं.

"नाई बोलली. काहून बोलन ती? पण वकीलबाई नसती तं काल ती घरी जेवली नसती. मी राहीन अशीच."

आणि त्या राहिल्या तशाच, अखेरपर्यंत. यंदाच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला सारी वस्ती लोटली होती. यातली चार माणसं आधी आली असती तर, असं सारखं मनात येत होतं. जेवणं झाल्यावर मी विचारलं, हे काम आता कोण बघणार? घोळक्यातून गिरजा पुढे आली.

"करीन मी," ती म्हणाली. "पण मंग माह्याशी कोन बोलन, ताई?"